कॉफी सोडावी, पण वाजतगाजत

कॉफी सोडायचं मनात आलं असेल तर आधी अभिनंदन. आपल्या भाषेत संकल्प सोडतात, ही मोठी सोय आहे. सोमवारी सकाळी सोडलेला संकल्प बुधवारी दुपारी पुन्हा सोडला तरी व्याकरण बिघडत नाही. या व्याकरणाचा मी बरीच वर्षं कसून अभ्यास केला आहे, म्हणून चार शब्द सांगतो.

पहिलं पथ्य म्हणजे हळूहळू कमी करायचं नाही. दर आठवड्याला एकेक कप कमी करत गेलं तर फारसा त्रास होत नाही, असं डॉक्टर सांगतात. पण ज्यात डोकंच दुखत नाही, त्या त्यागाला त्याग कोण म्हणणार? रविवारी रात्री चार माणसांत जाहीर करा आणि एकदम बंद करा. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत डोकं धरतं, पहिल्या दोन दिवसांत कळस गाठतं आणि कधी कधी आठवडाभर रेंगाळतं. पहिल्या दिवशी मी एकच ईमेल चार वेळा वाचला आणि शेवटी भलत्यालाच उत्तर पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नुसतं डब्याचं झाकण उघडून वास घेतला. वास घेणं म्हणजे काही पिणं नव्हे. मग झाकणाच्या आतल्या कडेला चिकटलेली पूड बोटाने टिपली. तेही पिणं नव्हे. बोट कुठे गेलं, हा माझा खासगी प्रश्न आहे.

या दिवसांत घरच्यांवर मनसोक्त खेकसावं. कुणी विचारलंच तर साल सांगावं: 2013. त्या वर्षी अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत कॅफिन सोडल्यावर होणाऱ्या त्रासाची रीतसर नोंद केली. म्हणजे तुमची चिडचिड हा आता स्वभावदोष राहिला नाही, ती छापून आली आहे. गंमत अशी की त्याच पुस्तिकेत कॅफिनच्या व्यसनाला मात्र ‘अजून अभ्यास हवा’ या गटात बसवलंय. सोडल्याचा त्रास अधिकृत, लागलेली चटक अनधिकृत. यापेक्षा चांगला निकाल कोणत्या कोर्टात मिळाला असता?

डोकं अगदीच असह्य झालं तर गोळी घ्यावी. मी घेतली. वीस मिनिटांत असं काही प्रसन्न वाटलं की निग्रहाचं फळ म्हणतात ते हेच, अशी खात्री पटली. संध्याकाळी सहज पाकीट उलटं केलं, तर मागे बारीक अक्षरात वेदनाशामकाच्या शेजारी कॅफिन बसलेलं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत ते घातलेलंच असतं. तुम्ही पाकीट उलटं करू नका.

मन रमवायला चहा धरावा. चहातल्या या द्रव्याला 1827 साली ‘थेइन’ असं स्वतंत्र नाव मिळालं होतं. पुढे दहा-अकरा वर्षांनी कळलं की ते कॅफिनच आहे, फक्त पत्ता वेगळा. रसायनशास्त्रज्ञांना इतकी वर्षं लागली, तर तुम्हाला आम्हाला एखादा महिना लागायला काय हरकत आहे? कपात कॉफीपेक्षा कमी असतं हे खरं, पण कप मोजायचे कुणी?

मोजणाऱ्या माणसांपासून जपावं. आमच्या घरात असा एक माणूस आहे, आमची कन्या. ती म्हणते, दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसतं आणि माणसाला पेंग येऊ लागते. कॅफिन त्याच जागा आधी रुमाल टाकून अडवतं. झोप काही परत जात नाही, दारात ताटकळत उभी राहते. रोजच अडवाअडवी होते म्हटल्यावर मेंदू जागा वाढवतो, मग तेवढ्याच परिणामाला जास्त रुमाल लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपातलं साधारण निम्मं कॅफिन रात्री दहालाही अंगात असतं, म्हणून झोप लागत नाही, आणि झोप झाली नाही म्हणून सकाळी कॉफी लागते. इथवर मी शांतपणे ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “बाबा, कॉफी न पिणारा माणूस सकाळी नुसता उठून जसा असतो ना, तसे तुम्ही कॉफी पिऊन होता.”

असल्यांच्या तोंडी लागू नये. निरोगी प्रौढाने दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घेतलं तर चालतं, एवढंच लक्षात ठेवावं आणि ते आकड्याचं बंधन न मानता उद्दिष्ट मानावं.

एक गोष्ट मात्र सावधगिरीची म्हणून सांगतो. डबा कुलपात ठेवा. माझा नवव्यांदा संकल्प सोडून (दोन्ही अर्थांनी) झाल्यावर मी महिनाभर पूर्ववत पीत होतो. सकाळचा पहिला घोट घेतला की डोळे उघडायचे, तरतरी यायची. कन्येला मुद्दाम ऐकवायचो, “बघ, याला म्हणतात कॉफी. कशी सरळ मेंदूत जाते!” ती मान डोलवायची आणि कप उचलून न्यायची. इतकी आज्ञाधारक पोर, मला संशय यायला हवा होता.

एका रविवारी डब्याच्या मागे दुसरं पाकीट सापडलं, कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीचं, जवळजवळ संपलेलं. पहिल्या आठवड्यात तिने डब्यात पाव भाग ती पूड मिसळली, दुसऱ्यात निम्मी, तिसऱ्यात पाऊण आणि चौथ्यात सगळीच. म्हणजे जी तरतरी मी रोज सकाळी मिरवत होतो, ती नावालाच कॅफिन असलेल्या काळ्या पाण्याची होती. महिन्याभरात एकदाही डोकं दुखलं नव्हतं. कसला त्याग नाही, कुणाला सांगण्यासारखं काही नाही.

हे कळलं दुपारी बाराला. संध्याकाळी चारच्या सुमारास डोकं असं दुखायला लागलं की विचारू नका.