डॉल्फिन दिसला ना? मग सोडा की त्याला!

सुट्ट्या लागल्या की अख्खा गंगापूर रोड कोकणात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तेच व्हिडिओ! तारकर्लीचा समुद्र, चहूबाजूंनी बोटी, मध्ये कोंडलेले डॉल्फिन. मागून आपल्याच नाशिककरांचा आवाज, "दादा, अजून जवळ घ्या ना, दोनशे जास्त देतो!"

अहो, तो कुबडवाला डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतो, पळणार कुठे? श्वासाला वर यावंच लागतं, आणि वर आला की डोक्यावर बोटीचा पंखा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात तो वाघाच्याच यादीत आहे. ताडोब्यात जिप्सींनी वाघ घेरला की हेच लोक चिडून पोस्ट टाकतात! वर ते हौशी गळवाले, तुटलेली तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) पाण्यात सोडून मोकळे.

परवा एकजण म्हणाला, "उडीच मारली नाही त्याने. पैसे परत मागायला हवे होते."