सगळी कामं उरकली, एक बोलणं सोडून

डिसेंबर आला की पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, औंध इकडच्या सोसायट्यांत परदेशातली मुलं दोन-तीन आठवड्यांसाठी घरी येतात. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांची धावपळ सुरू. गीझर बदलायचा, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवायच्या, पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग, आईच्या फोनमधले नको ते गुड मॉर्निंगचे फोटो काढून जागा करायची, बाबांना यूपीआय पुन्हा एकदा शिकवायचं. बाबांचीही तयारी असते. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे यादी लिहिलेली असते, एकेक काम झालं की ते पेनाने काट मारतात. निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरता भरता मुलगा विचारतो, "बाबा, काही राहिलं नाही ना?" बाबा यादीवरून नजर फिरवतात. "नाही रे, सगळं झालं."

आणि जे विचारायला हवं होतं ते याही खेपेला राहून जातं. बाबा, तुम्ही अंथरुणाला खिळलात तर आईकडे कोण बघणार? तुम्हाला व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, असं डॉक्टरांनी मला फोनवर विचारलं तर मी काय सांगू? इच्छापत्र केलंय का? केलं असेल तर कुठे ठेवलंय?

माझी सगळी नोकरी बँकेत झाली आणि निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी लोकांना कागदपत्रांच्या कामात मदत करते. हे दृश्य मी फार घरांतून पाहिलंय. म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय.

या मुलांना मी नावं ठेवत नाही. बाथरूममध्ये दांडी बसवणं हे प्रेमच आहे, आणि त्या दांडीमुळे एखादीचं खुब्याचं हाड वाचतं. अडचण एवढीच की छोटी कामं संपतात. त्यांच्यावर काट मारता येते आणि दिवस सत्कारणी लागला असं वाटतं. मोठ्या विषयाला हात घातला तर तो कुठे जाईल, कोण रडेल, कोण उठून आत निघून जाईल, काही सांगता येत नाही. सिरॉइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच मांडलं होतं. माणूस एखादी गोष्ट पुढे ढकलतो त्याच्या मुळाशी वेळेचं नियोजन कमी आणि त्या गोष्टीने मनाला होणारा त्रास जास्त असतो, आत्तापुरता तो त्रास टळला की त्याला बरं वाटतं. मला हे वाचून हायसं वाटलं होतं, कारण वेळ नाही म्हणणाऱ्या घरांत वेळ भरपूर असतो हे मी डोळ्यांनी बघत होते.

त्यात मुदतीची कामं माणसाला खेचून नेतात. २०१८ साली मेंग झू, यांग यांग आणि ख्रिस्तोफर शी यांचे या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. फायदा कमी असला तरी ज्या कामाची मुदत संपत आली आहे तेच लोक आधी उचलतात, असं त्यांना दिसलं. आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरात मुदतींना काही तोटा नाही. टीडीएस कापू नये म्हणून बँकेला फॉर्म द्यायचा असतो, महापालिकेचा मिळकत कर सवलतीच्या मुदतीत भरायचा असतो, मेडिक्लेमचं नूतनीकरण, नोव्हेंबरात हयातीचा दाखला. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात म्हटल्यावर संघात त्याचीही चौकशी सुरू झाली. इच्छापत्राला शेवटची तारीख नसते, त्यामुळे त्याचा नंबर कधी लागत नाही.

आमच्या ओळखीचे एक काका होते, निवृत्त इंजिनियर. त्यांची फाइल बघावी अशी. निळी, जाड, आत पारदर्शक पाकिटं, प्रत्येकावर बारीक अक्षरात चिठ्ठी. एफडीच्या पावत्या तारखेनुसार लावलेल्या. कधीच विकून टाकलेल्या स्कूटरचं आरसी बुक. जुनं रेशन कार्ड, विजेची कित्येक वर्षांची बिलं. दर रविवारी सकाळी ते टेबलावर फाइल उघडून बसायचे आणि काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "अहो, ते इच्छापत्राचं एकदा बघा ना." काकांचं उत्तर ठरलेलं, "करू की, आधी ही फाइल तर नीट लागू दे." फाइल शेवटपर्यंत लागतच राहिली. काका गेल्यावर ती उघडली तेव्हा कळलं, फ्लॅटला सोसायटीत नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव आहे. लग्नाआधी घर घेतलं तेव्हा घातलेलं, ते कुणी बदललंच नव्हतं. भाऊ सरळ माणूस, त्याने आपणहून लागेल ते लिहून दिलं. पण तेराव्याच्या आत काकूंना दिराकडे जाऊन घराचा विषय काढावा लागला, आणि ते काकूंना फार लागलं. त्या फाइलमध्ये काकांचे कितीतरी रविवार होते. त्यातला एक त्यांनी काकूंसाठी काढायला हवा होता.

इथे थोडं कायद्याचं सांगते, कारण गैरसमज खूप आहेत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, सोसायटी त्याला तात्पुरता सदस्य करून घेते, पण हक्क वारसांचा असतो. इच्छापत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू होतो. पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको आणि मुलगे-मुली येतात, आणि त्याची आई हयात असेल तर तीही येते. सगळ्यांचा वाटा सारखा. "माझ्यामागे सगळं हिचंच की" असं म्हणणाऱ्या कितीतरी नवऱ्यांना हे माहीतच नसतं. आणि इच्छापत्र करणं खरोखर अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि ती सही झाल्याचे दोन साक्षीदार, हे मात्र हवंच. ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वय झालेलं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा. मन बदललं तर नवं करता येतं.

पैशापेक्षा मला दवाखान्याची जास्त काळजी वाटते. आयसीयूच्या बाहेर उभी असलेली भावंडं मी पाहिली आहेत. एक म्हणतो सगळं करा, दुसरी म्हणते आईला आता त्रास नको, आणि दोघांपैकी कुणालाच आईला काय हवं होतं ते ठाऊक नसतं. मग आयुष्यभर एकमेकांकडे बघताना ते मध्ये येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, मान्य केलं. सुरुवातीला त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागायचं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानेच ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बरं होण्याची आशा उरली नाही तर कृत्रिम उपायांनी जगवत ठेवायचं की नाही, आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं, हे त्यात लिहिता येतं. आपल्याच गावात, वारज्याला, १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. कर्करोगाच्या रुग्णांचा त्रास कमी करणं आणि घरच्यांना आधार देणं हेच त्यांचं काम, तेही मोफत. असं काही असतं हेसुद्धा ज्यांनी घरात कधी विषयच काढला नाही त्यांना ऐन वेळी सुचत नाही.

विषय काढायचा कुणी? माझं मत स्पष्ट आहे. मोठ्यांनी काढायचा. मुलाने विचारलं तर "इस्टेटीवर डोळा आहे", लग्न झालेल्या मुलीने विचारलं तर त्याहून वाईट, आणि सुनेने तर तोंडच उघडायला नको. मग ती बिचारी मुलं गीझरच बदलणार. त्यांना दुसरी वाटच आपण ठेवलेली नाही. "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणत आपणच त्यांची तोंडं बंद करतो आणि वर हातात कामांची यादी देतो.

आमच्याकडे ह्यांनीच विषय काढला. मुलगा-मुलगी दोघंही पुण्यात होते, जेवणं झाली होती, मी ओटा आवरायला उठले तर हे मला म्हणाले, "राहू दे, सकाळी बाई येतील. तू इथे बस." मग एकदम सरळच बोलले. मला शेवटी नळ्या लावून ठेवू नका. हिला या घरातून कुणी हलवायचं नाही, तिला स्वतःला जावंसं वाटेपर्यंत. मुलगी रडली. मुलगा गप्प बसून टेबलक्लॉथची कड दुमडत होता. मग मुलीने डोळे पुसले आणि विचारलं, "आणि बाबा, गणपती कुणाकडे?"

मला वाटलं होतं फ्लॅटबद्दल, दागिन्यांबद्दल निघेल. निघाला गणपती. मुलगा बंगळुरूला, दीड दिवसही सुट्टी मिळेल की नाही अशी नोकरी. मुलीच्या सासरी त्यांचा त्यांचा असतो. चांदीची मूर्ती माझ्या सासूबाईंच्या वेळची. त्यावर चांगला तासभर बोलणं झालं, हसणंसुद्धा झालं. मुलगा म्हणाला, मी पुण्यातच येईन दर वर्षी, हे घर आहे तोवर. मग ह्यांनी विचारलं, "आणि घर रीडेव्हलपमेंटला गेलं तर?" तिथून खऱ्या अर्थाने घराचं बोलणं सुरू झालं, आणि कुणी कुणावर संशय घेतला नाही. इच्छापत्राचा मजकूर त्याच आठवड्यात वकिलांकडे गेला.

अशा वेळी भाषण लागत नाही. "मी आजारी पडले आणि मला बोलता येईना, तर डॉक्टरांशी तू बोल आणि त्यांना हे सांग," एवढ्या एका वाक्यापासून सुरुवात होते. टीव्ही बंद हवा. जवळ उरकायला ठेवलेलं काही काम नको, हे फार महत्त्वाचं. हातात निवडायला भाजी असली की डोळे भाजीतच राहतात. आणि फोनवर नको, समोरासमोर.

एक शेवटची गोष्ट. साक्षीदार कुणाला करायचं, शेजाऱ्यांना आपल्या घरचं कशाला कळवायचं, यावरही अनेकांचं अडतं. साक्षीदाराला आतला मजकूर वाचायला द्यावा लागत नाही. सही त्याच्यासमोर झाली आणि त्यानेही तुमच्यासमोर सही केली, एवढं पुरतं. आमच्या भागात कुणाला साक्षीदार हवा असेल तर मला निरोप द्या. संघातल्या आणखी एका मैत्रिणीला घेऊन मी येईन, संध्याकाळी पाचनंतर केव्हाही.