‘मास्तरकी’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तर देणार नव्हतो, पण गप्प बसलो तर तुमचं पटलं असं वाटायचं, म्हणून लिहितोय. फॅन आर्टवर, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या कॅरेक्टरच्या चित्रांवर, फीडबॅक कसा द्यावा यावर मी लिहिलं. तुमचं म्हणणं, लोक आवडत्या कॅरेक्टरच्या प्रेमापोटी हौसेने काढतात, तिथे सुधारणा सुचवणं ही मास्तरकी, मी स्टाइललाच चूक म्हणतोय, दुसऱ्याच्या चित्रावर लाल रेघा मारणं हा उद्धटपणा. आणि मग ते वाक्य: "ज्यांना स्वतःला काढता येत नाही तेच दुसऱ्याचे हात-पाय मोजत बसतात."

आधी या वाक्याचं बघू. तुम्ही माझं एक तरी चित्र बघितलंय का? नाही ना? मग कशावरून ठरवलंत? शाळेच्या वह्यांची मागची पानं मी कॅरेक्टर काढून भरवलीयेत, आणि कित्येक वर्षं माझी सगळी कॅरेक्टर हात पाठीमागे घेऊन उभी असायची, कारण हाताचे पंजे काढणं अवघड, चित्र काढणाऱ्यांना सांगायला नको. तेव्हा सगळे म्हणायचे "मस्त", "भारी", "एकच नंबर", आणि चेहरे मात्र दर वेळी एका बाजूला कललेले, हे मला कुणी सांगितलंच नाही. शेवटी एका ओळखीच्या मुलीने आधी विचारलं, "काही सुचवलं तर चालेल?" मग म्हणाली केसांचा फ्लो छान जमलाय, पण डावा डोळा वर सरकलाय, कॅनव्हास आडवा फ्लिप करून, म्हणजे आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं करून बघ. केला, आणि चेहरा एवढा वाकडा दिसला की बघवेना. तासन्तास तेच चित्र बघून नजर सरावते, उलटं केलं की ती सवय मोडते. (फ्लिप केलेलं परत सरळ करायचं मात्र विसरू नका, नाहीतर कॅरेक्टरचा व्रण भलत्याच गालावर जातो आणि फॅन लोक ते पहिल्या सेकंदात पकडतात.) त्या मुलीचं स्वतःचं ड्रॉइंग माझ्यापेक्षा कच्चं होतं बरं का. म्हणजे तुमच्या हिशोबाने तिने तोंडच उघडायला नको होतं!

आणि समजा मला खरंच काढता येत नसतं, तरी डोळा वर सरकलेला तो सरकलेलाच ना? दिसणं वेगळं, दुरुस्त करता येणं वेगळं. पण तुमच्या वाक्यात हा मुद्दा नव्हताच, नुसता टोमणा होता. माझ्या लेखातल्या कुठल्या ओळीत मास्तरकी दिसली ते दाखवलं असतंत तर बोलता आलं असतं. "लाइनआर्ट (चित्राच्या रेघा) बोअर आहे" म्हणण्यापेक्षा "बाहेरची रेघ जाड ठेव, आतली बारीक" म्हणा, एवढंच तर मी सांगत होतो. तुम्ही पहिल्या प्रकारची कॉमेंट टाकलीत, तीही मलाच. गंमत आहे.

एक गोष्ट मान्य. मोठ्या माणसाची उंची साधारण ७.५ डोकी (म्हणजे डोक्याच्या उंचीच्या साडेसात पट), हिरो टाइप कॅरेक्टर असेल तर ८, असं लिहिताना चिबीचा, म्हणजे मोठ्या डोक्याच्या बुटक्या गोंडस कॅरेक्टरचा, उल्लेख राहिला. चिबी २-३ डोक्यांचीच असते, तिला ७.५ चा हिशोब लावायचा नसतो, ते लिहायला हवं होतं. पण एक हात गुडघ्यापर्यंत, दुसरा कमरेला संपतोय, पोझमध्ये फोरशॉर्टनिंगही (बघणाऱ्याच्या दिशेने असलेला हात आखूड दिसणं) नाही, त्याला स्टाइल म्हणायला मी तयार नाही, तुम्ही खुशाल म्हणा.

रेडलाइनचं, म्हणजे त्या लाल रेघांनी चुका दाखवण्याचं, तर लेखातच लिहिलंय: विचारल्याशिवाय नाही, आणि केली तरी वेगळ्या लेयरवर (मूळ चित्रावरच्या वेगळ्या पारदर्शक थरावर), म्हणजे बंद करता येते. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

हौसेचं म्हणाल तर ज्याला फक्त दाखवायचंय त्याला "फीडबॅक नको" लिहायची पूर्ण मोकळीक आहे, आणि तिथे मी फक्त काय आवडलं तेवढं सांगून पुढे जातो. पण जो स्वतः विचारतोय "हात असे का दिसताहेत?" त्यालाही तुम्ही नुसतं "मस्त"च म्हणणार का? याचं उत्तर द्या, बाकी "तुमच्यासारखे लोक" वगैरेला मी इथून पुढे उत्तर देणार नाही.