‘काका, पुस्तक घरी ठेवून जात जा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘वॉचमेन’ या कॉमिक पुस्तकावरून झॅक स्नायडर या दिग्दर्शकाने काढलेल्या त्याच नावाच्या सिनेमाने माझी निराशा का केली, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकाने टोपणनावाने बरंच काही लिहिलं आहे. त्यातलं मुख्य वाक्य हे: ‘झॅक स्नायडरने चौकट न् चौकट जशीच्या तशी पडद्यावर आणली, तरी तुमची रड संपत नाही. काका, पुस्तक घरी ठेवून थिएटरात जात जा.’

आधी तुमची एक दुरुस्ती मान्य करतो. सिनेमा तीन तासांचा असं मी लिहिलं होतं. २००९ साली थिएटरात लागला तो १६२ मिनिटांचा. १८६ मिनिटांची दिग्दर्शकाची आवृत्ती नंतर आली. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे.

आता ‘रड’. पटलं नाही, हे सांगायला मराठीत शब्दांची टंचाई नाही. मी त्या लेखात कोणाची टिंगल केलेली नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीचं तर मी मनापासून कौतुक केलं होतं. ते तुम्ही वाचलंत का? वाचून गाळलंत, की तिथवर पोचलाच नाहीत? ‘काका’ म्हणण्याला माझी हरकत नाही, माझं वय तेवढं आहे. पण तुमचा सूर पुतण्याचा नाही.

आणि कोणाला सांगताय हे? इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत मी अक्षरं गिरवली. पुढे गिरगावातल्या एका छापखान्यात अकरा वर्षं पानं लावली. कटर, बटर पेपर, रबर सोल्यूशन, रात्री दोनपर्यंत. चित्र दोन सूत सरकलं की वाचणाऱ्याचा डोळा कुठे अडखळतो, हे मी हाताने शिकलो आहे. फाउंटनच्या फुटपाथवर ‘वॉचमेन’ मिळालं तेव्हा पहिली रात्र मी ते वाचलंच नाही, पट्टी घेऊन पानं मोजत बसलो. तीन ओळी, ओळीत तीन चौकटी. पानामागून पान तीच नऊ घरं. कधी दोन घरं एक केलेली, कधी तीन, पण खालची जाळी तीच. त्यामुळे ‘चौकट न् चौकट’ हे शब्द माझ्यासमोर जरा जपून वापरा.

चौकटी आणल्या म्हणता ना? पहिलाच प्रसंग घ्या. कॉमेडियन या टोपणनावाच्या मुखवटाधारी नायकाला खिडकीतून फेकून दिलं आहे. पुस्तकात दोन पोलीस त्याच्या विस्कटलेल्या घरात उभे राहून बोलताहेत, आणि त्यांच्या बोलण्याच्या मधेमधे एकेक लाल चौकट येते: एक ठोसा, एक चेहरा, मग फुटणारी काच. मारणारा दिसत नाही. पोलिसांचं साधं, कामापुरतं वाक्य आणि त्याच्या शेजारी तो लाल रंग. खून त्या दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत होतो, म्हणजे तुमच्या-माझ्या डोक्यात होतो. लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी १९८६-८७ मध्ये बारा अंकांत जे केलं ते या पट्टीवर उभं आहे. सिनेमात तिथे काय आहे? दोन माणसांची सलग मारामारी, भिंती फुटताहेत, मधूनच सगळं संथ होतंय. रक्ताचा थेंब पडलेला कॉमेडियनचा तो हसऱ्या चेहऱ्याचा पिवळा बिल्ला तेवढा हुबेहूब. सामान आणलं, घर आणलं नाही.

शेवटाचंही तसंच. पुस्तकात न्यूयॉर्कच्या एका नाक्यावर एक पेपरवाला आहे आणि त्याच्याजवळ बसून फुकटात चाच्यांचं कॉमिक वाचणारा एक पोरगा. अंकामागून अंक आपण त्यांची वटवट ऐकतो. अकराव्या अंकाच्या शेवटी शहरावर संकट कोसळतं, ती दोघं एकमेकांना घट्ट धरतात आणि पांढऱ्या उजेडात विरतात. बारावा अंक उघडला की ती नऊ घरांची जाळी मोडलेली! एका पानावर एकच चित्र, सलग सहा पानं, नुसती प्रेतं, आणि संवाद नाही. मला त्या सहा पानांना पाऊण तास लागला, कारण पान उलटायचं माझ्या हातात होतं आणि उलटवत नव्हतं. थिएटरातल्या आवृत्तीत पेपरवाला आणि पोरगा ओळख व्हायच्या आत संपतात. इमारती कोसळतात, मागे मोठा खड्डा उरतो, प्रेत एकही नाही. लाखो माणसं मेली म्हणून सांगतात आणि माणूस दाखवत नाहीत. मी याला निराशा म्हटलं. तुम्ही रड म्हणा.

ही पानं मी घरी कशी ठेवून जाऊ? ज्याने ती वाचलीच नाहीत त्याला हे सोपं आहे.

बाकीचे मुद्दे: पुस्तकात शहरावर कोसळणारा ऑक्टोपससारखा राक्षसी, परग्रहावरचा भासवलेला प्राणी काढून सिनेमाने संहाराचा सगळा दोष डॉक्टर मॅनहॅटन या अतिमानवी शक्तीच्या नायकावर टाकला हा बदल तुम्हाला चांगला वाटतो, वाटू द्या, त्यावर मी ओळही लिहिली नव्हती. मूर यांनी सिनेमाला आपलं नाव लावू दिलं नाही हे मला ठाऊक आहे. मी त्यांचा हवाला कुठेच दिलेला नाही. ‘सिनेमा वेगळं माध्यम आहे’ हेही ऐकलं. मीही तेच म्हणतोय, पुन्हा वाचा.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. पुढचं लिहाल ते स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे मलाही काय हाक मारायची ते कळेल.