बीटा ब्लॉकर अचानक सोडू नका: फिरत्या मेसेजला उत्तर

‘मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल या गोळ्या हृदय कमजोर करतात, त्यांची सवय लागते, पुरुषत्व जातं, बीपी नॉर्मल आलं की बंद करा आणि अर्जुनाचा काढा घ्या,’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी त्याचंच बोलतो.

मेसेजमधल्या या गोळ्या म्हणजे बीटा ब्लॉकर. त्या अ‍ॅड्रेनॅलिनला (नाडी आणि बीपी वाढवणाऱ्या संप्रेरकाला) हृदयावर जोर करू देत नाहीत. गोळी बराच काळ चालली की शरीर अ‍ॅड्रेनॅलिनला जास्त संवेदनशील होऊन बसतं. मग ती एकदम थांबली की नाडी धावते, बीपी उसळतं. ज्याच्या धमन्यांत आधीच ब्लॉकेज आहे त्याच्या छातीत दुखू लागतं, हार्ट अटॅकही येऊ शकतो. अमेरिकेत या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर हा इशारा छापलेला असतो. थांबवायचीच असेल तर डॉक्टर साधारण एक-दोन आठवड्यांत डोस हळूहळू उतरवतात. हे व्यसन नव्हे: गोळीची तलफ येत नाही. काढ्याने तर हा धोका टळत नाहीच. आणि बीपी नॉर्मल आलंय ते बहुधा गोळी चालू आहे म्हणून!

हृदय कमजोर होतं, ही भीती एकेकाळी डॉक्टरांनाही होती. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तेव्हा, या गोळ्या वर्ज्य मानत. १९९९ साली बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या रुग्णांमधले मृत्यू दोन्हींत सुमारे ३४ टक्क्यांनी घटले. अट एकच, सुरुवात अगदी लहान डोसने, बिसोप्रोलॉलची १.२५ मिलिग्रॅमने. अटॅकनंतर पंपिंग चांगलं राहिलेल्यांना मात्र गोळीचा फायदा २०२४च्या एका मोठ्या चाचणीत दिसला नाही. ‘मला अजून लागते का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा.

लैंगिक तक्रारी होतात, पण २००२च्या एका आढाव्यानुसार गोळी न घेणाऱ्यांपेक्षा वर्षाला हजार रुग्णांत पाच जादा, इतक्याच. थकवा, गार पडणारे हातपाय, मंद नाडी हे त्रासही खरे आहेत. असे त्रास सोसत बसू नका, गोळी किंवा डोस बदलता येतो.

मेसेजने गाळलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काचबिंदूचे टिमोलॉल ड्रॉप्स हेही बीटा ब्लॉकरच, तेसुद्धा श्वास अडवू शकतात. मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधड आणि थरथर या गोळीने झाकली जाते, घाम मात्र येतो. अचानक दरदरून घाम सुटला की लगेच साखर तपासा.