विश्वासणाऱ्याने स्वतःला पापी म्हणणे सोडावे काय? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत आम्हा गोव्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : ज्याने ख्रिस्तावर विश्वास ठेवला तो आता पापी राहिलेला नाही, तो ‘पवित्र जन’ आहे, नव्या करारात विश्वासणाऱ्याला कोठेही पापी म्हटलेले नाही, देवापासून जन्मलेला पाप करीत नाही असे योहान स्वतः सांगतो, मनाला दोषी वाटणे हा सैतानाचा आवाज आहे, आणि स्वतःला पापी समजणारा पापच करीत राहतो, प्रभूच्या प्रार्थनेतील क्षमेची विनंती क्रूसाच्या आधीची असल्यामुळे ती आपल्यासाठी नाही, म्हणून उपासनेतला पापांगीकार, म्हणजे सर्वांनी मिळून आपली पापे कबूल करण्याची प्रार्थना, मंडळ्यांनी आता बंद करावा. ही शेवटची सूचना नसती तर मी कदाचित लिहिलेही नसते. आमच्याच मंडळीतल्या दोन तरुणांनी ती मनावर घेतली आहे आणि पापांगीकाराच्या वेळी ते आता तोंड मिटून उभे राहतात, म्हणून हे उत्तर.

प्रथम त्या संदेशातले खरे ते मान्य केले पाहिजे. प्रेषित पौल आपल्या बहुतेक पत्रांच्या आरंभी वाचकांना ‘पवित्र जन’ म्हणतो, ‘पापी जन’ म्हणत नाही. शुभवर्तमानांत ‘पापी’ हा शब्द बहुधा समाजाने बाहेर ठेवलेल्या लोकांसाठी, जकातदारांच्या जोडीने येतो, आणि गलतीकरांस लिहिताना पौल तो विदेश्यांच्या संदर्भात वापरतो. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला’ असे म्हटले आहे, तेही मागे वळून पाहत. शब्दांची नुसती मोजदाद केली तर पारडे संदेशाच्या बाजूला झुकते, हे मी नाकारीत नाही. पण दावा मोजदादीचा नाही, ‘कोठेही नाही’ असा आहे, आणि तो खरा नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ख्रिस्त येशू पापी लोकांना तारावयास जगात आला असे सांगून लगेच ‘त्यांपैकी मी मुख्य आहे’ असे वाक्य येते. त्या वाक्याआधी पौलाने मंडळीचा छळ केल्याची आठवण आहे, म्हणून कोणी म्हणेल की हे जुन्या पौलाबद्दल आहे. परंतु मूळ ग्रीक क्रियापद ‘होतो’ नसून ‘आहे’ असेच आहे. याकोबही ज्यांना पत्रभर ‘माझ्या बंधूंनो’ म्हणतो, त्यांनाच चौथ्या अध्यायात पापी म्हणून हाक मारतो आणि हात निर्मळ करावयास सांगतो. बंधू आणि पापी ही दोन्ही संबोधने एकाच पत्रात एकाच लोकांना उद्देशून शोभतात, असे त्याला वाटले.

‘पवित्र जन’ या पदवीचा संदेशाने लावलेला अर्थही तपासून पाहावा. करिंथच्या मंडळीला पौल पहिल्याच ओळींत ही पदवी देतो आणि मग काय लिहितो? त्या मंडळीत एकाने आपल्या बापाची बायको ठेवली होती, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, आणि प्रभुभोजनाच्या वेळी एक जण उपाशी तर दुसरा झिंगलेला असे. पौल त्यांची पदवी काढून घेत नाही आणि त्यांच्या कृत्यांना सौम्य नावेही देत नाही. ते पवित्र आहेत ते ख्रिस्ताने त्यांना आपले म्हटले म्हणून. ती त्यांच्या वागणुकीला मिळालेली पावती नव्हे. संदेशाने या पदवीचे चारित्र्याच्या दाखल्यात रूपांतर केले आहे.

योहानाच्या पत्राचा आधार तर मुळातच एकांगी आहे. ‘देवापासून जन्मलेला पाप करीत नाही’ हे वाक्य तिसऱ्या अध्यायात आहे, हे खरे. पण त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात, आपल्या ठायी पाप नाही असे म्हणत असलो तर आपण स्वतःला फसवितो, असे आहे, आणि तेथे योहान ‘तुम्ही’ नव्हे तर ‘आपण’ म्हणतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो आपल्या ‘मुलांनो’ना सांगतो की तुम्ही पाप करू नये म्हणून मी लिहितो, आणि कोणी पाप केलेच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. ज्याला पाप घडण्याची शक्यताच उरली नाही त्याला कैवारी कशाला लागेल? तेव्हा तिसऱ्या अध्यायाचा रोख पापात मुक्काम ठोकून राहण्यावर आहे; एखाद्या दिवशी पाय घसरलेला माणूस देवाचा नाहीच, असे योहानाला म्हणावयाचे असते तर त्याने आधीची दोन वाक्ये लिहिली नसती.

रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायाबद्दल मी सावधपणे बोलेन. ‘किती मी कष्टी माणूस!’ हा आक्रोश विश्वासात आलेल्या पौलाचा की मोशेच्या नियमशास्त्राखालच्या माणसाचा, यावर पहिल्या शतकांपासून मतभेद आहेत. प्राचीन मंडळीचा थोर शिक्षक ऑगस्टीन यानेही आधी दुसरा अर्थ घेतला होता आणि, माणूस आपल्या इच्छाबळाने निष्पाप राहू शकतो असे शिकवणाऱ्या पेलाजियसच्या अनुयायांशी वाद करताना तो पहिल्या अर्थाकडे वळला. म्हणून या अध्यायावर मी माझा युक्तिवाद उभारीत नाही. उभारण्याची गरजही नाही.

काही जण या संदेशाला जोड देतात की स्वतःला पापी म्हणणे ही आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांची रीत आहे, आपण त्यांच्या सहवासात राहून ती उचलली. गोव्यात राहणाऱ्याने असे म्हणावे याचे मला वाईट वाटते. भस्माच्या बुधवाराआधी शेजारची माणसे गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, वाळून तपकिरी झालेल्या झावळ्या चर्चमध्ये नेऊन देतात, त्यांचीच राख करून त्या दिवशी कपाळाला लावली जाते, आणि जपमाळेच्या प्रत्येक नमनात ‘आमां पाप्यां खातीर विनंती कर’ असे म्हटले जाते, हे सर्व मी लहानपणापासून पाहिले आहे. परंतु हा शब्द त्यांच्या एकट्यांचा नाही. सोळाव्या शतकात याच प्रश्नावर दोन बाजू एकमेकींपासून दूर गेल्या होत्या. विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही आणि पापीही असतो, असे प्रॉटेस्टंट सुधारणेचा अग्रणी ल्यूथर शिकवीत होता. १५४६ साली कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने म्हटले की बाप्तिस्म्यानंतर माणसात उरते ती पापाकडची ओढ, आणि तिला खऱ्या अर्थाने पाप म्हणता येत नाही. मतभेद खोल होता. तरीही दोघांपैकी कोणीही आपल्या उपासनेतून पापांगीकार काढून टाकला नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक यांनी नीतिमान ठरण्याविषयी जे संयुक्त निवेदन स्वाक्षरी करून स्वीकारले, त्यातही ‘नीतिमान ठरलेला माणूस पापी म्हणून’ या विषयाला स्वतंत्र भाग आहे. पूर्ण पवित्रतेची शिकवण देणाऱ्या जॉन वेस्लीनेसुद्धा असेच मानले की अशा पवित्रतेला पोहोचलेल्यालाही ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताची आणि ‘आमची क्षमा कर’ या प्रार्थनेची गरज राहते.

आता दोषी वाटण्याचा मुद्दा. संदेशातले हेच म्हणणे लोकांच्या मनाला सर्वांत अधिक भिडते. ‘ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही’ या वचनावरून संदेश असे काढतो की मन खाऊ लागले तर तो सैतान आहे, त्याला झिडकारा. दंडाज्ञा म्हणजे शिक्षेचा निवाडा. तो उठवला गेला म्हणून आरोपातला मजकूर खोटा ठरत नाही.

माझे फोंड्यात बांधकामसाहित्याचे लहान दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका शनिवारी सिमेंटचा ट्रक आला आणि सौंदत्तीकडचा एक हमाल आपल्या जोडीदारासह गोण्या उतरवीत होता. तो दर पाच गोण्यांना शटरवर खडूने चार उभ्या रेघा आणि एक आडवी मारीत असे. संध्याकाळी त्याने दोनशे गोण्यांची मजुरी मागितली. मी म्हणालो, एकशेऐंशीच उतरल्या. तो म्हणाला, “मालक, रेघा बघा.” मी रेघा पाहिल्या नाहीत; त्याला मराठी धड बोलता येत नाही हे मला ठाऊक होते, आणि तो वाद घालणार नाही हेही. त्याने पैसे घेतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी उपासनेत आम्ही नेहमीप्रमाणे उभे राहून, आम्ही विचाराने, शब्दाने व कृतीने पाप केले आहे, असे म्हणत होतो. ‘कृतीने’ या शब्दाशी माझा आवाज अडखळला. सोमवारी दुकान उघडण्यापूर्वी मी बंद शटरसमोर उभा राहून रेघांचे जुडगे मोजले. चाळीस होते. तो दोन दिवसांनी दुसऱ्या दुकानात काम करताना भेटला. मी चूक माझी होती असे सांगून वीस गोण्यांचे पैसे दिले. त्याने मोजून घेतले आणि काही बोलला नाही. त्या संध्याकाळी माझ्या दुकानासमोरून जाताना तो थांबला आणि खांद्यावरच्या पंच्याने शटरवरच्या रेघा पुसून गेला.

त्या रविवारी माझ्या हाती हा संदेश असता तर मी काय केले असते, हे मला नीट माहीत आहे. छातीत जे टोचले त्याला मी सैतान म्हटले असते, मी पवित्र जन आहे असे मनाशी तीनदा म्हणालो असतो, आणि एका गरीब माणसाची मजुरी माझ्या गल्ल्यात राहिली असती. स्वतःला पापी समजणारा पापच करीत राहतो, हे म्हणणे माझ्या बाबतीत तरी उलटे निघाले. आणि मी काही माझे तारण गमावले या भीतीने गेलो नव्हतो. ज्याच्यापुढे मी ते वाक्य म्हणत होतो तो मला टाकणार नाही ही खात्री होती, म्हणूनच खोटे धरून ठेवण्याचे कारण उरले नव्हते.

लूक शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे, पण परूश्याची प्रार्थना पुन्हा वाचावी. तो स्वतःच्या बळाची बढाई मारून सुरुवात करीत नाही. ‘देवा, मी तुझे आभार मानतो’ असे म्हणूनच तो सुरुवात करतो, म्हणजे आपल्या चांगुलपणाचे श्रेय तो वरकरणी तरी देवालाच देतो. ‘प्रभू, तुझे आभार, मी आता पापी नाही’ ही संदेशाच्या शेवटी दिलेली प्रार्थना त्या प्रार्थनेच्या किती जवळ जाते, हे ती पाठवणाऱ्यांनी शांतपणे पाहावे. नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा, ‘देवा, मज पाप्यावर दया कर’ म्हणणारा जकातदार.

राहता राहिली प्रभूची प्रार्थना. ती क्रूसाच्या आधी शिकवली गेली, हे खरे आहे. पण ती शिकवली गेली ती देवाला ‘आमच्या पित्या’ म्हणणाऱ्या शिष्यांना. तिच्यात रोजची भाकर आणि ऋणांची सूट एकापाठोपाठ मागितली आहे, आणि भाकरीची विनंती कालबाह्य झाली असे अजून कोणी म्हटलेले नाही. प्रेषितांच्या लगतच्या काळातील ‘दिदाखे’ ही मार्गदर्शिका विश्वासणाऱ्यांना हीच प्रार्थना दिवसातून तीन वेळा करावयास सांगते. पुढे पेलाजियसच्या शिकवणीवरून वाद पेटला तेव्हा ४१८ साली कार्थेज येथे जमलेल्या आफ्रिकेच्या बिशपांनी नेमक्या याच पळवाटा बंद केल्या. पवित्र लोक ‘आमची क्षमा कर’ हे स्वतःसाठी नव्हे तर इतर पाप्यांसाठी म्हणतात, असे मानणे त्यांनी नाकारले. आणि ते लोक हे केवळ नम्रता म्हणून म्हणतात, खरे म्हणून नाही, असे मानणेही नाकारले. म्हणजे आज नवा प्रकाश म्हणून जे फिरते आहे, ते मंडळीने सोळा शतकांपूर्वी ऐकून, तोलून बाजूला ठेवले होते.

येत्या महिन्यात आमच्या मंडळीच्या सभेत हा विषय निघणार आहे. पापांगीकार वगळण्याला मी विरोध करीनच, पण माझी आणखी एक विनंती आहे, आणि तिच्यात आम्हा जुन्या लोकांची चूक कबूल केलेली आहे. कित्येक घरांत मुलांना ‘तू पापी आहेस’ हे धाक घालण्यासाठी ऐकवले गेले, आणि उपासनेतही पापांगीकार सावकाश व मोठ्याने होतो, तर त्यानंतरचे क्षमेचे वचन पुढच्या गीताचा क्रमांक शोधण्याच्या गडबडीत विरून जाते. ते दोन तरुण तोंड मिटून उभे राहतात त्याला हेही कारण असावे. तेव्हा पाळकांनी पापांगीकारानंतर क्षणभर थांबावे, सर्वांनी पुस्तके मिटावीत, आणि ते क्षमेचे वचन आम्हाला पाहत, स्पष्ट शब्दांत वाचून दाखवावे.