काटकसरीने गार कसं राहावं

विजेची बचत नेहमी चारचौघांसमोर करावी. गुपचूप केलेली बचत कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणजे ती केली न केली सारखीच. यासाठी सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे मोबाइलचा चार्जर. फोन काढून घेतला आणि बटण तसंच राहिलं असं दिसलं, की आवाज चढवायचा : "कोणाचा आहे हा चार्जर? वीज काय फुकट येते?" घर दणाणलं पाहिजे. रिकामा चार्जर खाऊन खाऊन खाणार किती, पाव वॉट. चोवीस तासांत तो जेवढी वीज खातो, तेवढी तुमचा दीड टनाचा एसी साधारण पंधरा सेकंदांत संपवतो. हा हिशोब मात्र घरात कोणाला सांगू नका. एसीवर ओरडता येत नाही, चार्जरवर येतं.

आता एसीकडे वळू. रिमोट हातात आला की आकडा थेट 16 वर न्यावा. त्याने खोली लवकर गार होते अशी एक गोड समजूत आहे, ती मोडायचं काही कारण नाही. साधा एसी 16 वर ठेवा नाहीतर 26 वर, कॉम्प्रेसर पळतो एकाच जोराने. थांबायचं कधी एवढंच तो आकडा ठरवतो. पण माणसाला 16 दिसलं की अर्धा उकाडा तिथेच जातो. मग रात्री दोनला थंडीने जाग येते. रिमोट उशाशीच असतो. त्याला हात लावायचा नाही. पायाशी पडलेलं ब्लँकेट नाकापर्यंत ओढून घ्यायचं, फारच हुडहुडी भरली तर मोजे चढवायचे. बाहेर रात्रीही 30 अंश आणि आपण आत मोजे घालून, याला म्हणतात पैसा वसूल. आकडा एका अंशाने वाढवला तर एसीची वीज ढोबळमानाने सहा टक्क्यांनी कमी होते. सहा टक्क्यांसाठी एवढं सुख कोण सोडणार?

काही लोक एसी 26 वर ठेवून वर पंखा सोडतात आणि निवांत झोपतात. त्यांच्या नादी लागू नका. पंखा वापरायचा तर रिकाम्या खोलीत. पंखा हवा गार करत नाही, तो अंगावरचा घाम वाळवतो आणि त्याने आपल्याला गार वाटतं, हे शाळेत शिकवलेलं असतं. तरी खोलीतून निघताना तो चालूच ठेवावा. सोफ्यालाही घाम येत असेल. साध्या पंख्याची 75 वॉट वीज शेवटी त्या खोलीत उष्णता होऊनच राहते, म्हणजे परत याल तेव्हा खोली तुमच्यासाठी जरा ऊबदार झालेली असेल.

छताचा विषय मात्र काढूच नये. उष्ण कटिबंधात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे घराच्या सगळ्या बाजूंमध्ये सर्वांत जास्त ऊन छत खातं. भर दुपारी दर चौरस मीटरला सुमारे 1,000 वॉट. 50 चौरस मीटरचा स्लॅब असला तर त्यावर 50 किलोवॉट ऊन कोसळत असतं. त्यातलं बरंचसं वाऱ्यावर आणि आकाशाकडे परत जातं हे खरं, पण जे मुरतं ते काँक्रीट जपून ठेवतं आणि दिवे लागले की हप्त्याहप्त्याने खाली सोडतं. म्हणून तर दिवस मावळल्यावरही पलंगावर पडून वर हात केला की छत तव्यासारखं जाणवतं. आता याच्याशी लढायला आपल्याकडे काय, तर दीड टनाचा एसी. दिवसभरात सुमारे 1,360 किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी बाहेर फेकायची त्याची ताकद. रोज संध्याकाळी सव्वा टनाहून जास्त बर्फ हाताशी ठेवून आपण त्या स्लॅबशी झुंजायचं, यात एक शौर्य आहे. वर जाऊन पांढरा रंग मारला तर ऊन बरंचसं तिथूनच परत फिरेल, स्लॅबवर मांडव घातला किंवा वेल सोडली तर ते स्लॅबपर्यंत पोहोचणारच नाही. मग लढायचं कोणाशी? शिवाय गच्चीवरचा रंग पाहुण्यांना दिसत नाही. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा ही रीत आपल्या अंगात मुरलेली आहे, ती एका डब्बाभर रंगासाठी सोडू नये.

खिडक्या घ्यायच्या त्या पश्चिमेला, मोठ्या, अखंड काचेच्या. सूर्यास्त छान दिसतो. चारच्या सुमारास ऊन तिरपं होऊन थेट आत येतं आणि दोन चौरस मीटरच्या काचेतून हजारेक वॉटचा हीटर चालू होतो, तोही विजेचा एक कण न जाळता. असली फुकटची ऊर्जा सोडायची नाही. ऊन अगदीच डोळ्यांवर आलं तर आतून जाड, गडद पडदा लावावा. बाहेरून छज्जा, झडपा किंवा बांबूची चटई लावणारे लोक ऊन काचेआधीच अडवतात. त्यांच्याकडे सौंदर्यदृष्टी कमी असते. आपला पडदा आधी उष्णता घरात घेतो, मग तापतो, मग ती आपल्यात वाटून देतो. घरचा माणूस असाच असावा.

एसी नको, काटकसर म्हणून कूलर हवा, असं वाटत असेल तर समुद्राकाठी घ्यावा, तोही पावसाळा तोंडावर आल्यावर. कोरड्या हवेत कूलर खरोखर काम करतो आणि वीजही एसीच्या मानाने किरकोळ खातो, त्यामुळे तिथे मजा नाही. हवेत आधीच पाणी मावत नसताना त्यात आणखी पाणी सोडलं, की तासाभरात उशी ओलसर, चादर चिकट आणि कपाटाच्या दारांना घाम. खिडक्या मात्र घट्ट लावून घ्याव्यात. उघड्या राहिल्या तर ओली हवा बाहेर जाईल.

कोणी फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार करायचा सल्ला देईल. जरूर करून पाहा. पुढून गारवा येतो तेवढाच, वर मोटरचा जोडून, मागच्या जाळीतून उकाडा बाहेर पडतो. घरबसल्या विज्ञानाचा प्रयोग होतो आणि भाजीही सुकते.

एसीचं बाहेरचं युनिट दिसायला ओबडधोबड असतं. ते लाकडी पेटीत बंद करावं, पुढे कुंड्या रचाव्यात. त्याने बाहेर टाकलेली गरम हवा परत त्याच्याच पोटात जाईल आणि ते बिचारं दुप्पट धापा टाकेल, पण बाल्कनीचा फोटो चांगला येईल. आतला फिल्टर धुवायला पाच मिनिटं लागतात. कोणाला वेळ आहे? त्यापेक्षा "गॅस संपला असणार" म्हणावं आणि मेकॅनिकला बोलवावं. तोही पाच मिनिटांत तोच फिल्टर धुऊन जाईल, पण त्याने धुतलेल्या फिल्टरला वजन असतं.

पश्चिमेकडे एखादं झाड वाढून भिंतीवर सावली टाकत असेल तर ते आधी तोडून घ्या. पानं पडतात, झाडायला लागतात, आणि गाडी लावायला जागाही होते. गाडी मग उन्हात तापेल. तिला एसी आहे.

हे सगळं केलं की महिनाअखेरीला बिल येईल. ते उभ्यानेच वाचावं आणि एकदम ओरडावं, "मीटर पळतोय!" लगेच तक्रार नोंदवावी. तपासायला माणूस आला की त्याला प्यायला पाणी द्यावं, एसीच्या खोलीत बसवावं आणि गेल्या महिन्यापासून घरात कुठला दिवा किती वेळ जळतो ते तोंडपाठ सांगावं. मीटर बरोबर आहे असं तो म्हणालाच, तर त्याचं यंत्र बिघडलंय असं समजून दुसरा माणूस मागवावा.